कॅच लिहिला, पण आत काय?

एरर प्रोन या जावा कोडमधल्या चुका शोधणाऱ्या प्लगइनवरच्या लेखात प्रश्न होता: चेक्ड एक्सेप्शन (ज्यांची दखल घेणं सक्तीचं आहे अशा अडचणी) हाताळली नाहीत तर जावाचा कंपायलरच अडवतो, मग वेगळं प्लगइन कशाला? हा प्रश्न अपुरा आहे. कंपायलर फक्त कॅच (एक्सेप्शन तिथेच हाताळणारा भाग) किंवा थ्रोज (ते पुढे ढकलल्याची घोषणा) आहे का एवढंच बघतो. कॅच रिकामा असला तरी बिल्ड पास! एरर प्रोनमधला 'एम्प्टीकॅच' हा तपास नेमका तिथे बोट ठेवतो. 'फायनली' हा तपास त्याहून मोलाचा: फायनलीत (शेवटी हमखास चालणाऱ्या भागात) रिटर्न असेल तर मूळ एक्सेप्शन गिळलं जातं, लॉगमध्ये मागमूस राहत नाही. दोन्ही तपास मुळात वॉर्निंगच देतात, म्हणून त्यांना एररवर न्या, म्हणजे बिल्ड थांबेल. जेडीके (जावाचा विकाससंच) १६ पासून कंपायलरचे अंतर्गत पॅकेज बाहेरच्या कोडला बंद असतात. ते उघडणारे अ‍ॅड-एक्स्पोर्ट्स, अ‍ॅड-ओपन्स हे पर्याय, उदाहरणार्थ मेव्हन या बिल्ड टूलच्या जेव्हीएम कॉन्फिगमध्ये, टाकल्याशिवाय प्लगइन चालतच नाही. मिहान या नागपूरच्या उद्योग क्षेत्रातल्या जुन्या कोडवाल्या टीम्सनी एकेक मॉड्यूल घ्यावं, सगळं एकदम नको.

– एक वाचक, नागपूर