हा रोग रानात नेला कोणी?

गुरांच्या क्षयरोगाचा सगळा ठपका तुमच्या लेखात वन्यप्राण्यांवर ठेवलाय, ते वाचून फार वाईट वाटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात रानम्हशींमध्ये हा रोग १९९० साली सापडला. तो तिथे पोचला दक्षिणेकडच्या सीमेलगतच्या पाळीव गुरांकडून. पुढे आजारी म्हशी खाऊन सिंहांनाही लागण झाली. असा सिंह खंगत जातो, बरगड्या वर येतात, कोपरांना सूज येते. त्याचा यात काय दोष?

एकदा रानात मुरलेला रोग गोठ्यात परत येतो, हे मात्र खरं. न्यूझीलंडमध्ये क्षयाने मरायला टेकलेला पॉसम (झाडांवर राहणारा, मांजराएवढा केसाळ प्राणी) दिवसाढवळ्या कुरणात भेलकांडत येतो आणि गुरं कुतूहलाने त्याला हुंगायला, चाटायला जातात. तेवढंच पुरतं.

पण म्हणून सरसकट मारून टाका, हा लेखातला उपाय मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून काही वर्षं, गुरांना क्षय देतात म्हणून बॅजर (बिळात कळपाने राहणारे रानटी प्राणी) मारून पाहिले. मारलेल्या भागात गुरांमधला क्षय कमी झाला, पण लगतच्या पट्ट्यात तो वाढला. कळप विस्कटले की उरलेले बॅजर लांबवर भटकतात आणि रोगही सोबत नेतात. जनावर विकत घेताना आधी क्षयाची चाचणी करणं, चारा आणि पाण्याची भांडी रानातल्या प्राण्यांच्या तोंडी लागू न देणं, बॅजरना बीसीजी लस टोचणं, यावर लेखात एक ओळही नाही. कृपया पुढच्या भागात हे घ्याच.