पाऊस पडला की वाट बुजत नाही, वाहून जाते

पावसाळा तोंडावर आला की डोंगरातल्या पळण्याच्या शर्यतींची, म्हणजे ट्रेल रनिंगची, नावनोंदणी सुरू होते. अशा वेळी धावपटूंच्या ग्रुपवर कुणी ‘सड्यावरून (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरून) एवढी माणसं पळवायची का?’ असं विचारलं, की एक ठरलेला मेसेज येऊन पडतो. त्याचा मथितार्थ असा: रस्त्यावरच्या मॅरेथॉनला मांडव, जनरेटर, बाटल्यांचा खच; ट्रेलला फक्त पाय लागतात. धूर नाही. गुरं वर्षभर चरतात तेव्हा कुणी बोलत नाही. पाऊस पडला की वाट आपोआप बुजते. कप विघटनशील असतात, आम्ही झाडंही लावतो, आणि गावाला चार पैसे मिळतात.

मी या शर्यती पळतो. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून जास्त वेळा स्वीपर म्हणून जातो, म्हणजे शेवटच्या धावपटूमागून वाट दाखवणाऱ्या फिती सोडवत आणि कचरा उचलत चालतो. पुढून पळणाऱ्याला शर्यतीनंतरची वाट कधी दिसत नाही, मला दिसते.

‘फक्त पाय’ हे खरं आहे, पण किती पाय, कुठे आणि कधी हे मेसेज सांगत नाही. जमीन तुडवली जाण्यावरचे अभ्यास एक गोष्ट पुन्हापुन्हा दाखवतात: नुकसान माणसांच्या संख्येच्या प्रमाणात सावकाश वाढत नाही. कोऱ्या जागेवर सुरुवातीच्या थोड्याच पावलांत बरंचसं नुकसान होऊन जातं, पुढची पावलं त्यात तुलनेने कमी भर घालतात. म्हणजे मळलेल्या गाडीवाटेवरून पाचशे जण गेले तर फारसं बिघडत नाही, पण ‘नवा, कुणी न पाहिलेला रूट’ म्हणून पन्नास जणांना सड्यावरून नेलं तर बिघडतं. जाहिरातीत मात्र नव्या रूटचंच कौतुक असतं.

आणि सडा म्हणजे मोकळं मैदान नव्हे. कासला काय किंवा आंबोलीला काय, जांभ्यावर माती बोटभर, कुठे तीही नाही. त्या ओल्या पापुद्र्यात सीतेची आसवं आणि गेंद ही इवली रानफुलं उगवतात. मातीत पोषण इतकं कमी, की सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भागवतात. जगात फक्त आंबोली परिसरात सापडणारा, अतिसंकटग्रस्त गणला गेलेला एक छोटा भेक तिथल्याच खडकाळ सड्यांवर राहतो. पहिल्या पावसांत दगडांवर साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. पळणाऱ्याच्या भाषेत याच जागेला ‘रनेबल सेक्शन’ म्हणतात: चढ संपला, सपाटी आली, सोडा पाय. डबकं लागलं तर उडी मारून फोटो.

पाऊस वाट बुजवतो, हा तर मेसेजमधला सगळ्यात उलटा दावा. बुटांखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच वाहतं. उतारावर ब्रेक मारताना खोल नक्षीच्या तळव्यांनी गवताची मुळं आधीच उपटलेली असतात. दोन-तीन जोरदार सरींत वाटेची ओघळ होते. मग तिच्या कडेने लोक चालतात, तिथे दुसरी वाट पडते, पुढे तिसरी. चिखल चुकवायला बाजूने पळणाऱ्यांमुळे हातभर रुंदीची पायवाट एका सकाळीत पाच हात रुंद झालेली मी पाहिली आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एकदा निघालेली माती तिथे परत येऊन बसत नाही.

गुरांचं म्हणाल तर ढोरवाट नीट बघा. ती डोंगराला आडवी, तिरपी चढते. शर्यतीची वाट धारेवरून सरळ खाली येते, कारण तिथे थरार आहे. गुरं दिवसभर पांगून चरतात, सकाळी सहाला एका रांगेत सुटत नाहीत. शिवाय गावं गवताची राखण करतात, कापणी होईपर्यंत तिथे जनावर सोडत नाहीत. गुरांनी जमीन दबत नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या कुरणात मालक स्वतःची म्हैस नेत नाही, तिथून आपण छातीवर नंबर लावून जातो.

कपांचं थोडक्यात. कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचा थर असतो, आणि मक्यापासून केलेल्या प्लास्टिकला कुजायला साठेक अंश तापमानाचा कंपोस्ट कारखाना लागतो, करवंदीची जाळी नव्हे. युरोपातल्या युटीएमबी या मोठ्या शर्यतीत धावपटूने स्वतःचा कप आणणं सक्तीचं आहे. इथे काय अडलंय? (पळताना खायच्या जेलच्या पाकिटाचा फाडलेला कोपरा हा वेगळाच विषय. तो ‘चुकून’ पडतो, दर किलोमीटरला.) धूर नाही म्हणावं, तर पहाटे तीनला पुण्या-मुंबईहून निघालेल्या गाड्या पायथ्याच्या वावरात उभ्या असतात. अशा शर्यतींच्या कार्बनच्या हिशेबात मोठा वाटा प्रवासाचाच असतो.

झाडं लावण्याने भरपाई होत नाही. सड्यावर लावली तर नुकसान दुप्पट होतं. उघडा सडा म्हणजे उजाड जमीन नव्हे, तो तसाच असायला हवा. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावणं म्हणजे फुलं तुडवून वर सावली घालणं.

कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीच्या मार्गाचा काही भाग १९८४ साली संरक्षित रानात गेला. त्यामुळे धावपटूंची संख्या ३६९च्या आसपासच ठेवावी लागते. अर्ज हजारोंनी येतात, पण आकडा वाढत नाही. शिवाय भाग घ्यायचा तर आधी आठ तास स्वयंसेवा करावी लागते, मग वाट दुरुस्त करा नाहीतर एखाद्या शर्यतीत राबा. आपल्याकडे ‘सर्व जागा भरल्या’ची पोस्ट पडते आणि आठवड्याने ‘लोकाग्रहास्तव’ आणखी शंभर जागा निघतात.

राहिले गावाचे चार पैसे. ते खरंच मिळतात आणि मिळायलाच हवेत. मागे एका शर्यतीत पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, “पुढल्या टायमाला दिवाळी झाल्यावर या की. गवात कापून झालं का मग कुठूनबी पळा.” मी हे संयोजकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण तेव्हा हिरवळ नसते. फोटो येत नाहीत.”