काविळीच्या माळेबद्दल खुलासा

"काविळीची माळ गळ्यात घाला, माळ लांबत गेली की कावीळ उतरली, रक्त तपासायची गरज नाही" हा मेसेज परवा मीच आपल्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. मी काढून टाकलाय, तुम्हीही काढा.

माळ लांबते, हे खरं. पण मी तशीच एक माळ घरात खिळ्यावर टांगली, तर चार दिवसांत तीही लांबली. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटत जातो. खिळ्याला काही कावीळ नव्हती.

मग माणसं बरी कशी होतात? दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय माळेला जातं. मात्र गरोदर बाईला ई झाली तर जिवावर बेतू शकतं, तिला लगेच दवाखान्यात न्या.

बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि वर्षानुवर्षं डोळे पिवळे न होताही यकृत पोखरतात. ते फक्त रक्ततपासणीत कळतं. सी बहुतेकदा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कावीळ (हिपॅटायटिस) नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. बी औषधांनी आटोक्यात राहते, तिची लसही आहे.

जुना मेसेज कुणाकुणाला पाठवला असेल, त्यांना कृपया हा पाठवा.