रीमेक करावा तो फसलेल्या मालिकेचा

जुनी विज्ञान-मालिका परत येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी चाहत्यांत दोन तट पडतात. एकांना तीच गोष्ट पुढे हवी, दुसऱ्यांना पाटी कोरी करून. माझ्या मते गाजलेली मालिका पुढे न्यावी आणि रीमेक फसलेलीचा करावा. होतं नेमकं उलट, कारण पैसे लावणारे नावाकडे बघतात.

१९७८ची 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' बघा. कल्पना जबरदस्त: मानवजातीचा संहार झालाय आणि उरलेल्यांचा ताफा पृथ्वीच्या शोधात निघालाय. पण सुतक फिटायच्या आत, पहिल्याच कथेत, मंडळी कॅसिनोत! एका सीझनमध्ये मालिका आटोपली. २००३ला लेखक-निर्माता रोनाल्ड मूरने, आधी मिनी-सीरिज करून, रीमेकमध्ये बरोबर हीच फट पकडली. राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर वाचलेल्यांचा आकडा असतो, माणसं मेली की तो खोडून नवा लिहितात. मिनी-सीरिजनंतरच्या पहिल्या भागात दर ३३ मिनिटांनी हल्ला होतो, कोणालाच झोप नाही. मुळात पुरुष असलेला वैमानिक स्टारबक बाई केला म्हणून तेव्हा केवढा गदारोळ! खरा बदल मात्र हा होता की संहाराचे परिणाम आता टिकत होते. जुनीच कथा पुढे न्या म्हणून वर्षानुवर्षं झटणारा मूळ नट रिचर्ड हॅचही शेवटी नव्या मालिकेत टॉम झॅरेक या वेगळ्याच भूमिकेत आला.

पुढे नेण्यात खरी कसोटी असते जुनं किती आणि कधी दाखवायचं याची. काळात फिरणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरची 'डॉक्टर हू' १९८९ला थांबली. १९९६च्या टीव्ही-चित्रपटाची सुरुवातच मास्टर आणि डालेक हे जुने शत्रू आणि जुना डॉक्टर यांनी होते. तो डॉक्टर मरून त्याच पात्राचा नवा अवतार येतो, तोवर नवखा प्रेक्षक गोंधळलेला. पुढे मालिका झालीच नाही. २००५मध्ये लेखक रसेल टी. डेव्हिसने दुकानात काम करणाऱ्या रोझच्या नजरेतून सुरुवात केली. मधल्या काळात झालेल्या युद्धात डॉक्टरचा ग्रहच नष्ट झाला असं ठरवलं, त्यामुळे आधीची २६ वर्षं पाठ असायची गरज उरली नाही. डालेक आला थेट सहाव्या भागात, तोही एकटा. कथा तीच, पण कोणालाही कुठूनही शिरता येत होतं.

'स्टार ट्रेक'नेही १९८७ला नवी मालिका काढताना हेच केलं. काळ जवळपास शंभर वर्षं पुढचा, माणसं सगळी नवी. मूळ मालिकेतल्यांपैकी म्हातारा मॅककॉय पहिल्या भागात एका दृश्यापुरता दिसतो, स्पॉक यायला पाचवा सीझन उजाडतो.

सगळ्यात घातक वाट प्रीक्वेलची, म्हणजे मूळ कथेच्या आधीची गोष्ट सांगण्याची. 'स्टार ट्रेक'चीच २०१७ची 'डिस्कव्हरी' मूळ मालिकेच्या साधारण दहा वर्षं आधी घडते. म्हणजे १९६६च्या मूळ मालिकेतल्या बटणांच्या आधीच्या काळात चकचकीत होलोग्राम, स्पॉकची कधीच न ऐकलेली बहीण, आणि क्षणार्धात कुठेही नेणारं इंजिन, ज्याचा पुढे कोणी उल्लेखही करत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी जहाज नऊशेहून जास्त वर्षं पुढे पाठवून जहाजाबद्दल बोलायलाच बंदी घालावी लागली. हीच उडी पहिल्या दिवशी मारली असती तर दोन सीझनची सारवासारव वाचली असती.

'द प्रिझनर'सारखी १७ भागांत स्वतःचं म्हणणं संपवणारी मालिका असेल, तर हात लावू नये. २००९ला सहा भागांत तिच्या रीमेकचा प्रयोग झालाय.

'बॅबिलॉन ५' मात्र माझ्या नियमात नीट बसत नाही. २०२१ला तिच्या रीबूटची घोषणा झाली होती. मूळ मालिका गाजलेली, कथा पाच वर्षांची आखलेली आणि पूर्णही झालेली. पुढे न्यावी तर मुख्य कलाकारांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. पण मालिका बंद पडण्याच्या भीतीने बरीचशी कथा चौथ्या सीझनमध्येच कोंबली गेली, आणि पाचवा मिळाला तेव्हा त्याची सुरुवात रेंगाळली. फसलेला भाग तेवढाच आहे. तेव्हा करायचाच तर रीमेक करा, पण पाचही सीझनची मंजुरी आधी हातात घेऊन. नाहीतर तीच घाई पुन्हा होणार.