९० दिवसांचं मीटर

अमेरिकेत डिग्री मिळाली की सुटलो असं ज्याला वाटतं त्याने एकदा ओपीटीवर, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, जॉब शोधून बघावा! वर्क परमिटच्या कार्डावरची तारीख लागली की बेरोजगारीचं मीटर चालू, बिनकामाचे एकूण ९० दिवसच चालतात, त्यात शनिवार-रविवार पण धरतात, आणि इकडे एचआरवाले इंटरव्ह्यू घेऊन तीन-तीन आठवडे गायब. मग मेल येतो, स्पॉन्सरशिप (कंपनीने व्हिसासाठी अर्ज करणं) लागणार का? अहो आत्ता नाही लागत, ओपीटीचे १२ महिने आहेत, स्टेमवाल्यांना (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्स) वर अजून २४, पण ऐकून घ्यायला थांबतंय कोण, फॉर्मवर 'पुढे लागेल'ला टिक केलं की रिजेक्ट. खोटं लिहावं तर ते वेगळंच लफडं. आणि एवढं करून एच-१बी, म्हणजे पुढचा नोकरीचा व्हिसा, म्हणजे काय, तर लॉटरी! माझे आज ६७ झाले.