‘मेसेज पोचला नाही? दोष तुमच्याच फोनचा!’ हे खरं नाही

एक मजकूर सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेसेजखाली ‘सेंट’ दिसलं की तो पोचला म्हणून समजा. समोरच्याला मिळाला नसेल तर बिघाड त्याच्या फोनमध्ये आहे, त्याला फोन रिसेट करायला सांगा. इंटरनेटवरून जाणारे मेसेज कधी हरवत नाहीत, म्हणून एसएमएस सोडून द्या. आणि एसएमएसची हमी कुणीच देत नाही, तेव्हा कंपनीशी भांडत बसू नका.

या चारही गोष्टी चूक आहेत, आणि त्यांची किंमत मी मोजली आहे. मामाचं ऑपरेशन होतं. आदल्या रात्री मावसबहिणीने मला एसएमएस केला: “डॉक्टरांनी वेळ बदलली. आठऐवजी सहालाच आत नेणार आहेत. त्याआधी येऊन जा, मामा तुझी वाट बघतोय.” तो माझ्या फोनवर उमटला सकाळी नऊ वाजता. मामा बरा होऊन घरी आला, पण बहीण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या फोनवर ‘सेंट’ होतं ना! मी वाचूनही आलो नाही, असंच तिने धरलं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच धरलं असतं.

“सेंट दिसलं म्हणजे पोचला”

नाही. एसएमएस एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जात नाही. तो आधी पाठवणाऱ्याच्या मोबाइल कंपनीच्या मेसेज केंद्रात जातो. त्याला एसएमएससी म्हणतात. या केंद्राने मेसेज ठेवून घेतला की तुमच्या फोनवर ‘सेंट’ येतं. म्हणजे पत्र पेटीत पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. ज्याला मेसेज जायचा आहे तो नंबर आत्ता कुठल्या भागात आहे, हे केंद्र त्या नंबरच्या नेटवर्कला विचारतं आणि मेसेज तिकडे पाठवतं. फोन बंद असेल, रेंजबाहेर असेल, त्यात जागा नसेल, तर मेसेज केंद्रातच थांबतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात. प्रत्येक मेसेजला मुदत असते. ती संपली की मेसेज टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याच्या फोनवर मात्र ‘सेंट’ तसंच राहतं.

पोच मागण्याची सोय एसएमएसच्या मानकातच आहे. डिलिव्हरी रिपोर्ट सुरू असेल तर मेसेज समोरच्या फोनने खरोखर घेतला की नाही, हे केंद्र कळवतं. कित्येक फोनमध्ये ही सोय मुळात बंद असते आणि सेटिंगमध्ये खोल कुठेतरी लपलेली असते. ती बंद ठेवायचं ना माझ्या बहिणीने ठरवलं होतं, ना मी.

“समोरच्याचा फोन बिघडला आहे, रिसेट करा”

14 फेब्रुवारी 2019 रोजी, व्हॅलेंटाइन डेला, अमेरिकेत पाठवलेले 1 लाख 68 हजारांहून जास्त मेसेज लोकांना मिळाले थेट 7 नोव्हेंबरला. नऊ महिन्यांनी! मधल्या काळात नाती तुटलेली, काही माणसं वारलेली. गेलेल्या माणसाचा मेसेज मध्यरात्री अचानक फोनवर आला तर काय वाटत असेल? बिघाड कुणाच्याच फोनमध्ये नव्हता. मोबाइल कंपन्यांमध्ये मेसेजची देवाणघेवाण करून देणारी सिनिव्हर्स नावाची कंपनी आहे, तिचा एक सर्व्हर बंद पडला होता. तो नोव्हेंबरमध्ये पुन्हा चालू झाला आणि अडकलेले मेसेज सुटले. या लोकांनी फोन शंभर वेळा रिसेट केले असते तरी काय उपयोग होता?

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एका एसएमएसमध्ये 140 बाइट (डेटा मोजायचं माप) मावतात. इंग्रजी अक्षरं त्यात 160 बसतात, देवनागरी साधारणपणे फक्त 70. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांतलं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं, त्यामुळे नुसत्या ‘डॉक्टरांनी’ या शब्दाला 10 जागा लागतात. मजकूर 70 च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि जोडणीची खूण घालायची असल्यामुळे प्रत्येक तुकड्यात 67 चिन्हंच उरतात. बहिणीचा मेसेज मी मोजून पाहिला. शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून 88 चिन्हं. म्हणजे दोन तुकडे, आणि पहिला तुकडा बरोबर ‘येऊन जा,’ इथे संपतो. हे तुकडे नेटवर्कमधून वेगवेगळे जातात. एक मागे राहिला तर काही फोन आलेला तुकडाही दाखवत नाहीत, दुसऱ्याची वाट बघत बसतात. मामाच्या वेळी नेमकं हेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण काय झालं ते मला कुणीच सांगितलं नाही. पण दोन वाक्यांचा मराठी निरोप धाडताना धोका वाढतो, एवढं नक्की.

कधी कधी चूक आपलीही असते, हे मान्य. नंबर ब्लॉक केलेला असतो, फोन गच्च भरलेला असतो. पण त्यासाठी फोन रिसेट करायची गरज नसते. उलट सगळा डेटा पुसणारा रिसेट केलात की मेसेज कधी आला, किती वाजताचा होता, हा हातातला पुरावाच जातो.

“इंटरनेटवरचे मेसेज हरवत नाहीत”

4 ऑक्टोबर 2021 रोजी व्हॉट्सॲप जगभर जवळजवळ सहा तास बंद होतं. पण ते निदान सगळ्यांना दिसलं. जास्त त्रास न दिसणाऱ्या अडचणींचा होतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड 2015 पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, पडून असलेल्या फोनमधली ॲप झोपवतं. काही फोन कंपन्या त्यावर स्वतःची आणखी कडक बंधनं घालतात. मग मेसेज सर्व्हरवर थांबतो आणि तुम्ही ॲप उघडलंत की एकदम दहा येऊन कोसळतात.

ॲपलचं आयमेसेज, म्हणजे आयफोनवाल्यांनी एकमेकांना इंटरनेटवरून मेसेज पाठवायची सेवा, 2011 मध्ये आलं. आयफोन सोडून दुसरा फोन घेतलेल्या लोकांचा नंबर आयमेसेजकडे नोंदलेलाच राहत असे, आणि आयफोनवाल्या मित्रांचे मेसेज नव्या फोनवर येण्याऐवजी तिकडेच जात. नंबर काढून टाकण्यासाठी वेबपेज आलं 2014 च्या नोव्हेंबरमध्ये. तेव्हा बिघाड कंपनीच्या नोंदीत होता आणि तो दुरुस्त करणं कंपनीच्याच हातात होतं. लोक मात्र नवा फोन वाईट निघाला म्हणून हळहळत होते.

“हमीच नाही, तर जबाबदार कोण?”

मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा येतो. प्रत्येक मेसेज पोचेलच असं कुणी म्हणू शकत नाही, हे खरं. पण पोचला नाही तर तसं सांगायला काय हरकत आहे? पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 ला गेला. आज बँका ओटीपी त्यावर धाडतात, हॉस्पिटलं वेळा कळवतात. एवढा भार ज्या सेवेवर टाकला आहे, तिच्याबद्दल ‘हमी नाही’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

ज्या क्षणी निरोप ज्याच्या ताब्यात, त्या क्षणी तो त्याची जबाबदारी. केंद्राने घेईपर्यंत पाठवणारा फोन आणि त्याचं सॉफ्टवेअर. घेतल्यावर पाठवणाऱ्याची मोबाइल कंपनी, आणि तिने मध्ये नेमलेला कुणी असेल तर त्याचंही उत्तर तिनेच द्यायचं. समोरच्या फोनने घेतल्यावर तो दाखवणं, भलत्याच फोल्डरमध्ये न ढकलणं, हे फोन आणि ॲप बनवणाऱ्यांचं काम.

मी माझ्या मोबाइल कंपनीला फोन केला तेव्हा ‘हँडसेट तपासा’ म्हणाले. हँडसेटवाल्यांनी ‘नेटवर्कला विचारा’ सांगितलं. नंतर कळलं, की मी चुकीच्या दारात उभा होतो. मेसेज बहिणीच्या कंपनीच्या केंद्रात शिरला होता. तो कधी आला, किती वेळा प्रयत्न झाला, शेवटी काय झालं, याची नोंद असते ती त्या केंद्राकडे. म्हणून तक्रार पाठवणाऱ्याने करायची असते, आणि तो फिरणारा मजकूर मिळणाऱ्यालाच कामाला लावतो!

तेव्हा असं झालं तर काही पुसू नका. पाठवल्याची तारीख, वेळ आणि दोन्ही नंबर लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा. पाठवणाऱ्याला त्याच्या कंपनीकडे लेखी तक्रार करायला सांगा, आणि तक्रारीत एकच प्रश्न ठेवा: तुमच्या एसएमएससीत या मेसेजची शेवटची स्थिती काय नोंदली आहे? ‘हँडसेट तपासा’ हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. ते आलं तर तक्रार बंद करू देऊ नका.