परदेशातून: आधी तपासणी कुणाची?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय, चिक्कोडीकडच्या माझ्या चुलतभावाला मूल होत नाही आणि सगळे काका-आत्या मिळून वहिनीला बेळगावात कुठल्या डॉक्टरकडं दाखवायचं ते ठरवतायत. मी एवढंच लिहिलं की आधी दादाची वीर्यतपासणी करा आणि गावच्या तळ्याचं पाणी पण तपासून घ्या, तर काका म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही, आणि पाणी आम्ही उकळून पितो. तू तिकडं बसून शहाणपण शिकवू नको."

उकळून! मी अमेरिकेत टोलेडोत राहतो, आमच्या नळाला ईरी सरोवराचं पाणी येतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवरात निळं-हिरवं शेवाळ माजलं, त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष नळापर्यंत आलं, आणि सिटीनं सांगितलं, पाणी पिऊ नका, उकळूही नका. क्रोगर दुकानात पाण्याची एक बाटली उरली नव्हती, लोक मिशिगनपर्यंत गाड्या घेऊन पळाले. हे विष उकळून जात नाही, उलट शेवाळाच्या पेशी फुटून जास्त सुटतं आणि पाणी आटेल तसं दाट होतं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, त्यावर आमच्या ग्रुपवर रात्र रात्र भांडणं झाली, मीही भांडलो, त्याचं मला आजही काही वाटत नाही, खरं पाण्यावर तेव्हा कुणी एक ओळ लिहिली नाही.

हे विष आधी यकृत धरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला 1 मायक्रोग्रॅमची मर्यादा पण यकृताच्याच हिशेबानं ठरवलेली आहे. खरं उंदरांना ते पाण्यातून महिनोन्‌महिने थोडं थोडं दिलं तेव्हा शुक्राणू कमी झाले, त्यांची हालचाल मंदावली, टेस्टोस्टेरॉन उतरलं. माणसांवर अजून तेवढा पुरावा नाही आणि दादाचं पाण्यामुळंच झालंय असं मी म्हणतच नाही. खरं मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं, मग पहिली सुई वहिनीलाच का? इथं डॉक्टर दोघांना एकदमच बोलावतात, कुणाचं घराणं मधी येत नाही.

आमचं तळं मी पाहिलंय की. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठाला हिरवा रंग ओतल्यासारखं दिसतं, म्हशी बाहेर आल्या की पायांना गुडघ्यापर्यंत हिरवी रेघ. वरच्या उसाला टाकलेलं डीएपी खत पावसात तिथंच उतरतं, त्यावरच शेवाळ पोसतं. इथंही मॉमी नदीतून मक्याच्या शेतातलं खतच ईरीत येतं, ते असू दे, इथं निदान पाणी तपासून सांगतात तरी.

"तिकडं बसून" हे मात्र लागलं. उताऱ्यावर माझं नाव आहे, त्या तळ्यात मी पोहायला शिकलो, आणि इथं इतकी वर्षं राहूनही "आमचं पाणी" म्हटलं की मला ईरी आठवत नाही. मग बोलायचं कुणी?

काल दादाचा वेगळा मेसेज आला, शनिवारी लॅबला जातोय, बाबांना सांगू नको. नाही सांगणार. पाण्याचं मात्र ग्रुपवर टाकत राहणार, काकांना राग येऊ दे.